मोटारीला कात चढविताना

मोटार ही आता आपल्या मंडळींच्या घरी अपूर्वाईची वस्तू उरलेली नाही. तरीही गाडी, मग ती नवी असो वा दुसऱ्याने वापरलेली, दारी आली की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करावा, आप्तेष्टांनी पोह्या-खोबऱ्याच्या ताटाभोवती जमावे आणि बेराखा आटोपल्यावर यजमानांनी सर्वांना जिना उतरवून खाली गाडी पाहावयास न्यावे, हा प्रघात डिमोना, बीरशेबा, अशदोद, लोद, रामले अशा अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. अलीकडे मात्र या कौतुकाच्या जोडीला एक वाद हटकून उभा राहतो. लष्करी सेवा संपवून घरी आलेल्या चिरंजीवांना पांढरी गाडी काळी, आणि तीही चकाकी नसलेली काळी, हवी असते. वडिलांचे म्हणणे असे की कारखान्याच्या रंगाला हात लावला म्हणजे गाडीची किंमत गेली. मग कोणीतरी तडजोड सुचवितो, की रंग बदलू नये, वर केवळ कात चढवावी आणि विकण्याच्या वेळी ती उतरवावी.

अशी कात दोन प्रकारची मिळते. एक चिकटविण्याची व्हिनाइल फिल्म आणि दुसरी फवाऱ्याने मारण्याचा रबरी लेप, जो वाळल्यावर सोलून काढता येतो. या दोहोंतून निवड कशी करावी, अशी पृच्छा काही वाचकांनी केल्यावरून हा लेख लिहीत आहोत. प्रश्न शोभेचा दिसला तरी केवळ शोभेचा नाही. इस्रायलात मोटारीवरील खरेदी-कर भारी आहे, आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने घराखालोखाल मोठी खरेदी गाडीचीच असते. कात उतरविताना खालचा रंगही निघून आला, तर ते नुकसान पुढील गाडीच्या पैशांतून वजा होते.

प्रथम फिल्मचा विचार करू. पीव्हीसी हे मूळचे कडक द्रव्य. बी. एफ. गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळून ते लवचीक केले, आणि आजची गाडीवरील फिल्म ही त्याच शोधाची संतती होय. बाजारात तिच्या दोन जाती आहेत, व दुकानदार आपण होऊन हा भेद सांगेलच असे नाही. एका जातीत द्रवरूप व्हिनाइल सपाट पृष्ठावर ओतून भट्टीत भाजतात. तिला ‘कास्ट’ फिल्म म्हणतात. दुसरीत गरम व्हिनाइल रुळांमधून दाबून लाटतात, ती ‘कॅलेंडर्ड’. पोळी लाटून पोळपाटावर ठेवली की ती किंचित आक्रसते हे प्रत्येक गृहिणी जाणते. लाटलेल्या फिल्मचेही तसेच आहे: तिला आपला पहिला आकार आठवत राहतो, आणि ऊन लागताच ती कडांकडून मागे सरकू लागते. ओतलेली फिल्म पातळ असते, वळणावर नीट बसते व जागची हलत नाही. दुकानाच्या पाटीसाठी वा टपाच्या सपाट पत्र्यावरील अक्षरांसाठी लाटलेली फिल्म ठीक आहे; संपूर्ण गाडीसाठी ती घेऊ नये. किमतीत मोठा फरक आढळला, तर बहुधा याच भेदामुळे आढळतो.

काढून टाकता येणाऱ्या रंगाची कल्पना किती व्यवहारी आहे, हे जर्मनीतील टॅक्सीवाल्यांनी फार पूर्वी दाखवून दिले. पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. तो रंग खाजगी गिऱ्हाइकाला आवडत नसे, म्हणून जुनी टॅक्सी विकणे जड जाई. पुढे फिल्म उपलब्ध झाल्यावर मालक काळी किंवा रुपेरी गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवू लागले, आणि टॅक्सीचा धंदा संपला की फिल्म काढून खालची अनाघ्रात गाडी चांगल्या किमतीला विकू लागले. आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मात्र असा पुनर्जन्म लाभला नाही. तिचा पिवळा टप तिच्याबरोबरच भंगारात गेला.

रबरी लेपाची जन्मकथा अधिक साधी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्लास्टी डिप कंपनीचा माल मुळात पकडी, पाने इत्यादी हत्यारांच्या मुठी बुडवून काढण्यासाठी होता, जेणेकरून हात घसरू नये. डब्यात बुडवायची ती वस्तू, म्हणून नावातही ‘डिप’. तोच लेप पातळ करून लोकांनी प्रथम चाकांवर आणि नंतर सबंध गाडीवर मारावयास आरंभ केला. तो म्हणजे द्रावकांत विरघळविलेले कृत्रिम रबर होय. द्रावक उडून गेले की मागे रबराची कातडी राहते. ती रंगावर नुसती बसलेली असते, रंगात मुरलेली नसते, आणि तिची सगळी करामत एवढ्यात आहे.

आता आपल्या येथील परिस्थिती पाहू, कारण युरोपातील वा अमेरिकेतील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. नेगेवमधील वस्त्यांत बहुतेकांच्या गाड्या उघड्यावर उभ्या असतात. मे महिन्यातील शाराव असो वा ऑगस्टचे ऊन, दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटला हात टेकवत नाही. या तापाने व सूर्याच्या अतिनील किरणांनी व्हिनाइलमधील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू निघून जाते. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. तेल निघून गेल्यावर मागे उरलेली पेंड कशी ठिसूळ होते, हे आपणास निराळे सांगावयास नको. फिल्मची गत तीच. म्हणूनच फिल्मचे नामांकित उत्पादक आडव्या भागांची, म्हणजे टप, बॉनेट व डिकीचे झाकण यांची, हमी उभ्या भागांहून कमी काळाची देतात, आणि उष्ण वाळवंटी प्रदेशासाठी ती आणखी आखडती घेतात. जाहिरातीत सात वर्षे असे वाचले, तर ते कोणत्या प्रदेशासाठी व गाडीच्या कोणत्या भागासाठी आहे, हे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत शोधावे. दरवाजे चांगले आणि टप मात्र भेगाळलेला, असे दृश्य आमच्या वस्तीत आम्ही एकाहून अधिक गाड्यांवर पाहिले आहे.

रबरी लेपाला ऊन आणखी लवकर बाधते. उत्पादक साधारण तीन वर्षांची मुदत सांगतात. आमच्या मते डिमोना किंवा एलातसारख्या ठिकाणी, सावली नसेल तर, इतकी वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. रंग विटतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो, आणि मुख्य म्हणजे कातडीतील ताण जाऊन ती सोलण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी निघू लागते. त्यातच धुळीचा प्रश्न येतो. रबर धुळीला धरून ठेवते, आणि निस्तेज काळ्या रबरावर नेगेवची पिवळी धूळ जितकी दिसते तितकी दुसऱ्या कशावरही दिसत नाही. चिरंजीवांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. शाब्बाथ संपताच बादली घेऊन खाली उतरणे त्यांच्याच वाट्याला येणार आहे. अशदोद-अश्कलोनच्या मंडळींना खाऱ्या हवेशी, तर जुन्या शहरी रस्त्यांवर राहणाऱ्यांना फायकस वृक्षांच्या चिकट फळांशी व पाखरांच्या विष्ठेशी झुंजावे लागते. हे डाग दोन्ही प्रकारच्या कातींवर उन्हाने भाजून पक्के होतात. फिल्मवरून ते कोमट साबणपाण्याने व धीराने काढता येतात, रबरावरून घासून काढू गेल्यास रबरच उचकटते.

लेपाचे आणखी एक वैगुण्य पेट्रोल भरण्याच्या जागी दिसते. नळी काढताना चार थेंब ओघळले, तर त्या जागी रबर फुगते, सुरकुतते व बोटाला लागते, कारण ज्या जातीच्या द्रावकांतून ते आले त्याच जातीचा पदार्थ त्याच्यावर सांडलेला असतो. वरून संरक्षक थर देण्याची सोय हल्ली आहे, पण तिच्यामुळे धोका कमी होतो, टळत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला हे भय अर्थातच नाही.

हे सर्व झाले कातीविषयी. परंतु आमच्या मते खरा निर्णय कातीवरून नव्हे, तर तिच्याखालच्या रंगावरून व्हावयास हवा, आणि याकडेच लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते. कारखान्यात दिलेला रंग भट्टीत भाजून पत्र्याशी एकजीव झालेला असतो. त्यावरून कोणतीही चांगली कात मुदतीत उतरविल्यास तो सहसा दगा देत नाही. पण अपघातानंतर एखाद्या मुसाखात घाईने मारलेला रंग, पुट्टी भरलेला पत्रा, किंवा उन्हाने पापुद्रे सुटू लागलेला क्लिअर कोट यांचे तसे नसते. फिल्मचा गोंद दाबाने चिकटतो, आणि काळ जाईल तसा अधिक घट्ट होतो. खालचा रंग पत्र्याला जितका धरून आहे, त्याहून गोंद रंगाला अधिक धरून असेल, तर उतरविण्याच्या दिवशी कोण कोणाबरोबर जाणार हे उघड आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात हा प्रसंग थोडक्यात टळला. आठ वर्षे जुनी, दोन हात फिरलेली गाडी. नातवाने संपूर्ण काळी फिल्म ठरविली होती आणि विसार देण्याच्या बेतात होता. आजोबा मुंबईस परळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांना रंग देण्याचे काम करीत असत. ते काठी टेकीत खाली आले, गाडीकडे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, दरवाजाच्या रबरी पट्टीची कड नखाने उचलून आत डोकावले आणि म्हणाले, “आधी खालचं बघा रे, मग वरचं.” पट्टीखाली रंगाची कड लागत होती, कारखान्यातला रंग असा पट्टीवर चढत नाही. मग त्यांनी बॉनेटवर रुंद चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसविली व एका झटक्यात ओढली. पट्टीला क्लिअर कोटचे पापुद्रे चिकटून आले. नातू काही बोलला नाही, पण विसार खिशातच राहिला.

ही चिकटपट्टीची परीक्षा घरी कोणालाही करता येते, फक्त ती बाजूच्या, नजरेत न भरणाऱ्या जागी करावी. त्याहून भरवशाचे साधन म्हणजे रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र, जे जुन्या गाड्या तपासून देणाऱ्या संस्थांकडे असते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड भरतो. एखाद्या पत्र्यावर आकडा याच्या दुपटीने दिसला तर तेथे पुन्हा रंग झाला आहे असे समजावे, आणि त्याहूनही पुष्कळ अधिक दिसला तर खाली पुट्टी आहे. गाडी घेताना ही तपासणी झालीच असेल, तर तो कागद फेकू नये. फिल्म लावणाऱ्याला तो दाखवावा. नव्याने रंग दिलेला असल्यास त्यातील द्रावक पूर्ण उडून जाईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते, नाहीतर फिल्मखाली फुगे धरतात. आणि पापुद्रे सुटलेल्या रंगावर कोणतीही कात हा उपाय नव्हे. फिल्मखालून त्या पापुद्र्यांच्या कडा अंगावरच्या पुरळासारख्या उठून दिसतात. तेथे आधी रंगाऱ्याकडेच जावे.

लावण्याच्या कामात दोहोंचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. फिल्म हे कसबी माणसाचे काम आहे. गाडी धुऊन, रंगात रुतलेले कण मातीसारख्या लगद्याने ओढून काढून, अल्कोहोलने पुसून, मूठ, आरसे, दिवे उतरवून मग दीड मीटरहून किंचित रुंद असलेल्या गुंडाळीतून एकेक भाग कापतात. मध्यम गाडीला अशी पंधरा ते वीस मीटर फिल्म लागते. गरम हवेच्या यंत्राने ती मऊ करून वळणांत बसवितात, आणि शेवटी ताणलेल्या जागा पुन्हा नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवितात, जेणेकरून फिल्म आपला जुना आकार विसरावी. ही शेवटची पायरी गाळली, तर महिन्याभरात खाचांतून फिल्म उचलते. कारागीर गाडीवरच पाते चालवितो की दोरा असलेली पट्टी वापरून कापतो, हे विचारण्यास संकोच करू नये. पात्याचा ओरखडा फिल्म असेतोवर दिसत नाही, पण पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंज तेथूनच सुरू होतो. काम दोन दिवसांत, क्वचित पाच दिवसांत होते, आणि बिलात मजुरीचाच वाटा मोठा असतो. म्हणून स्वस्त फिल्म घेऊन खर्च वाचतो हा भ्रम आहे. वाचतो तो थोडा, आणि मजुरी मात्र पुन्हा भरावी लागते.

लेप हे घरी करता येण्याजोगे काम आहे, व त्याचे आकर्षणही तेच. पण सबंध गाडीला दहा-पंधरा लिटर माल लागतो, आणि थर किमान पाच-सहा द्यावे लागतात. पहिला थर इतका विरळ असावा की खालचा रंग अर्धाअधिक दिसत राहावा. त्यावर प्रत्येक थर पंधरा-वीस मिनिटे सुकू देऊन पुढचा मारावा. कडांवर हात आखडता घेणे हीच नवशिक्याची मोठी चूक, कारण सोलताना सुरुवात कडेपासून होते आणि तेथेच कातडी पातळ असली तर ती हाती लागत नाही. झाकण्याच्या चिकटपट्ट्या शेवटचा थर ओला असतानाच काढाव्यात. शाराव वा वारा असलेल्या दिवशी हे काम हाती घेऊ नये. उडालेली रेती ओल्या रबरात कायमची बसते आणि फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर. त्याहून महत्त्वाची सूचना अशी, की वारा टाळण्यासाठी इमारतीच्या मिक्लातमध्ये किंवा तळघरातील वाहनतळात हे काम मुळीच करू नये. त्या द्रावकांची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत साचते, आणि एका ठिणगीने पेटते; श्वासातून गेल्यास माणसाला घेरी येते. सेंद्रिय वाफेसाठी असलेला मुखवटा घातल्यावाचून मोकळ्यावरही फवारा धरू नये. साधा कापडी वा कागदी मुखवटा येथे निरुपयोगी आहे.

उतरविण्याविषयी दोन शब्द. चांगला जाड लेप मुदतीत काढला तर सापाने कात टाकावी तसा सबंध पत्र्यावरून एकसंध निघतो, आणि ते पाहण्यात मौज आहे हे नाकारता येत नाही. पातळ वा जुना लेप मात्र नखांनी, चिंध्यांनी, पेट्रोलियमजन्य तेलाने चोळून काढावा लागतो, आणि आठवडा जातो. फिल्म गरम करून, अंगासरशी तिरपी, सावकाश ओढावी. ती लवचीक असेल तर गोंदही तिच्याबरोबर येतो. मुदत उलटून ठिसूळ झाली असेल तर पोपडे निघतात, गोंद मागे राहतो, आणि काढण्याची मजुरी लावण्याच्या मजुरीशी स्पर्धा करू लागते. केवळ बॉनेट किंवा टप झाकणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की झाकलेला रंग उन्हापासून वाचतो आणि उघडा विटतो. तीन-चार वर्षांनी फिल्म काढली की एकाच गाडीवर दोन छटा दिसतात.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. गाडीच्या परवान्यात रंगाची नोंद असते. कात ही तात्पुरती असली तरी रस्त्यावर दिसतो तो तिचाच रंग. म्हणून संपूर्ण रंग बदलण्यापूर्वी मिस्राद हारिशुयमध्ये चौकशी करावी व विमा कंपनीसही लेखी कळवावे, म्हणजे टेस्टच्या वेळी किंवा अपघातानंतर वाद उरणार नाही. नोकरीतून मिळालेली लीसिंगची गाडी आपली नसते, हे सांगावे लागू नये. कंपनीच्या लेखी संमतीवाचून तिला हात लावू नये. बंपरवरील अंतरमापक व कॅमेरे लेपाखाली गाडले जाणार नाहीत, आणि रडार असलेल्या भागावर धातूचे कण असलेली फिल्म बसणार नाही, याकडे लावणाऱ्याचे लक्ष वेधावे.

आता आमचा कौल. कारखान्याचा रंग शाबूत आहे, गाडी अजून चार-पाच वर्षे ठेवायची आहे आणि रात्रंदिवस उघड्यावर उभी राहत नाही, तर पैसे साठवून ओतलेली फिल्म नावाजलेल्या कारागिराकडून लावावी, व टपाची फिल्म इतर भागांच्या आधी बदलावी लागेल हे धरून चालावे. हौस एक-दोन वर्षांची आहे, किंवा रंग आवडेल की नाही याची खात्री नाही, तर लेप बरा. त्यातही सबंध गाडीपेक्षा चाके, जाळी, आरशांच्या टोप्या एवढ्यापुरता तो आम्हास विशेष पसंत आहे, कारण चार छोट्या डब्यांत चाके होतात आणि बिघडले तर एका संध्याकाळी सोलून होते. आणि हेतू रंगबदलाचा नसून खड्यांपासून रक्षणाचा असेल, तर या दोहोंच्या वाटेस न जाता जाड पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म पुढच्या भागास लावावी. ती महाग आहे, पण ते काम तिचेच आहे.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने बॉनेट रंगाऱ्याकडून खरवडून नव्याने रंगवून घेतले. गाडी पांढरीच आहे. चाके तेवढी काळी आहेत आणि ती नातवाने आजोबांच्या देखरेखीखाली, अंगणात, पहाटे वारा नसताना स्वतः फवारली. लेप कोणत्या तारखेस मारला आणि थर किती दिले, हे आजोबांनी एका चिठ्ठीवर मराठीत लिहून गाडीच्या कप्प्यात, परवान्याशेजारी ठेवले आहे.